वाघ नसलेले फोटो

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात रानात बांधलेल्या, आपोआप फोटो घेणाऱ्या एका ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ आला. त्या भागात वाघ असेल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. अंगावरचे पट्टे जुन्या फोटोंशी ताडून पाहिल्यावर कळलं, की हा यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला. सुमारे साडेचारशे किलोमीटर अंतर, शेतं, रस्ते, गावं ओलांडत तो इथवर आला होता. बातमी राज्यभर गाजली आणि ती गाजायलाच हवी होती. पण वाघ सापडतो त्या कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डात आणखी काय काय असतं, हे अशा बातम्यांत कधी येत नाही. वाघ मिळाला की बाकीचं कार्ड पाहून झाल्यासारखंच असतं.

२०२२ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत देशभरात ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांतून ४ कोटी ७० लाखांहून जास्त फोटो निघाले. वाघाचे होते ९७,३९९. हजार फोटोंमागे जेमतेम दोन. गणना वाघांची होती, तेव्हा मेहनत वाघावर खर्च होणं रास्तच. बिबट्यांचेही वेगळे अहवाल निघतात. पण खोकड, तरस, साळिंदर, जवादी मांजर, रानमांजर यांच्यासाठी कोणी रात्री जागवत नाही. ते कुठं टिकून आहेत, कुठून नाहीसे झाले, कोणत्या ओढ्याकाठी अजून येतात, हे सांगणारा पुरावा आपल्याकडे आधीच गोळा झालेला असतो. तो वाचायला माणसं नसतात.

माझं म्हणणं सरळ आहे. राज्यात ट्रॅप कॅमेऱ्यांतून निघणारे असे फोटो, आणि त्यातही व्याघ्रप्रकल्पांच्या बाहेरच्या शिवारांतले, माळरानांवरचे, शहरांना लागून असलेल्या टेकड्यांवरचे फोटो प्राणी ओळखण्यासाठी शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांकडे सोपवावेत. सोपवताना अटी घालाव्यात. त्या अटी मुलांवर थोड्या आणि देणाऱ्यांवर जास्त असाव्यात.

आधी हे काम नेमकं काय असतं ते पाहू, कारण त्याबद्दल गोड गैरसमज पुष्कळ आहेत. झाडाच्या बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर एक डबी बांधलेली असते. समोरून उबदार अंग हलत गेलं की ती आपोआप फोटो घेते. ती बांधायची जागा पायवाटेशी, पाणवठ्याशी, ओढ्याच्या उतारावर निवडलेली असते. वाघ-बिबट्यांसाठी दोन कॅमेरे समोरासमोर लावतात, कारण डाव्या अंगावरचे पट्टे किंवा ठिपके उजव्या अंगासारखे नसतात. महिन्याभरानं कार्ड काढलं की त्यात हजारो फोटो असतात आणि त्यांतले कितीतरी रिकामे. भर दुपारी तापलेलं गवत वाऱ्यानं हललं तरी कॅमेरा फसतो. रात्रीचे फोटो काळे-पांढरे. कधी नुसतं शेपूट, कधी चौकटीच्या कडेला अर्धा कान, कधी लांब अंधारात दोन चमकणारे डोळे. फोटोच्या खालच्या पट्टीत तारीख, वेळ, तापमान, चंद्राची कला. सेल बदलताना घड्याळ लावायचं राहिलं तर त्या पट्टीवर भलतंच साल येतं, आणि भरदुपारचं ऊन दिसत असताना वेळ रात्रीची लिहिलेली असते. ते ज्याच्या लक्षात येतं त्याला विज्ञानातली एक मोठी गोष्ट कळलेली असते: यंत्रानं छापलेला आकडासुद्धा तपासून घ्यायचा असतो.

हे काम बिनपगारी हौशी लोकांना नीट करता येतं, याचा सगळ्यात चांगला तपासलेला दाखला टांझानियातल्या सेरेंगेटीचा आहे. अलेक्झांड्रा स्वॉन्सन ही मिनेसोटा विद्यापीठातली पीएच.डी.ची विद्यार्थिनी. सिंह, तरस आणि चित्ते एकाच माळावर कसे नांदतात, हा तिचा प्रश्न. त्यासाठी २०१० पासून ११२५ चौरस किलोमीटरवर २२५ कॅमेरे लावले गेले. फोटो इतके साठले की दोन-चार जणांनी बसून ते संपणं अशक्य झालं. डिसेंबर २०१२ मध्ये ते फोटो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले केले. पहिल्या तीन दिवसांत लोकांनी दहा लाख वेळा प्राणी ओळखून नोंदवले आणि दीड वर्षाचा साठा संपवला. पुढे २८ हजारांवर नोंदणीकृत लोक या कामाला लागले.

त्या प्रयोगातली खरी शिकण्याची गोष्ट मात्र गर्दीचा आकडा नाही. एका माणसाच्या उत्तरावर तिथं कोणीच विसंबलं नाही. तोच फोटो एकमेकांना न विचारता अनेकांना दाखवला जाई. पहिल्या पाचही जणांनी ‘इथं काही नाही’ म्हटलं तर फोटो बाजूला. दहा जणांनी एकच प्राणी सांगितला तरीही बाजूला. एकमत होईना तर तो पंचवीस जणांपर्यंत फिरत राही. असं जमा झालेलं उत्तर चार हजारांहून जास्त फोटोसंचांच्या बाबतीत तज्ज्ञांच्या उत्तराशी ताडलं, तेव्हा प्राणी कोणता हे ९६.६ टक्के वेळा बरोबर निघालं. कळपात किती प्राणी आहेत याचं उत्तर ९० टक्के वेळा. दुर्मीळ प्राण्यांच्या बाबतीत चुका जास्त होत्या, म्हणून असे फोटो जाणकारांनी पुन्हा पाहायचे. आणि या सगळ्यातून स्वॉन्सनच्या प्रश्नाला उत्तरही मिळालं: चित्ते सिंहांचा मुलूख सोडून पळत नाहीत, सिंह नुकताच गेलेला असेल तेवढ्यापुरती ती जागा टाळतात आणि काही तासांनी परत येतात.

शाळकरी मुलांबद्दल शंका असेल तर २०१९ मध्ये ‘बायोसायन्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यास पाहावा. अमेरिका, भारत, मेक्सिको आणि केनिया या चार देशांतल्या २८ शाळांतल्या मुलांनी शाळेच्या आवारात आणि आसपास कॅमेरे लावले आणि प्राणी ओळखले. जाणकारांनी ते तपासले. त्या माहितीचा दर्जा व्यावसायिक संशोधकांच्या तोडीचा ठरला.

यावर आजकाल हमखास ऐकू येणारा आक्षेप: आता कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, मुलांची गरज काय? आक्षेप गंभीर आहे आणि त्याच्यामागे आकडे आहेत. २०१८ मध्ये सेरेंगेटीच्याच ३२ लाख फोटोंवर संगणकाला ४८ प्राणी ओळखायला शिकवलं गेलं. जिथं संगणकाला स्वतःच्या उत्तराची खात्री आहे तेवढेच फोटो त्याच्याकडे सोपवले, तर माणसांइतक्याच अचूकपणे ९९ टक्क्यांहून जास्त काम तो करू शकतो, असं दिसलं. माणसांची आठ वर्षांची मेहनत वाचली. पण संगणक शिकला कशावरून? त्याच हौशी लोकांनी एकेक करून ओळखलेल्या फोटोंवरून. शिवाय ज्या माळावर तो शिकला, त्याच माळावर त्याची परीक्षा झाली. कॅमेऱ्याची जागा बदलली, मागचं झाड-गवत-उजेड बदलला, की अशा प्रणालींची अचूकता घसरते. हेही त्याच वर्षी संशोधकांनी दाखवून दिलं. अमेरिकेतल्या आणि आफ्रिकेतल्या फोटोंवर पोसलेल्या प्रणालीपुढे उसाच्या पाचटातली वाघाटी, म्हणजे ठिपक्यांची चिमुकली रानमांजर, किंवा कोयनेच्या झाडीतलं पिसोरी, म्हणजे सशाएवढं हरीण, ठेवलं, तर ती काय सांगेल याचा भरवसा कोणी द्यावा? आपल्या शिवारासाठी यंत्र हवं असेल तर आपल्या शिवारातले फोटो कोणीतरी आधी डोळ्यांनी ओळखायला हवेत. रिकामे फोटो वेगळे करायला यंत्र जरूर वापरावं. मुलांचा वेळ हललेल्या गवतावर कशाला घालवायचा?

पण खरं सांगायचं तर, फोटो लवकर संपावेत एवढ्यासाठी मी हा आग्रह धरत नाही. महाराष्ट्रात जंगली जनावरं कुठं राहतात, हा माझ्या आग्रहाचा मुद्दा आहे.

वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं जंगल नाही, हरणं-सांबरं नाहीत, आहे तो ऊस आणि वस्त्या. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं. त्या पट्ट्यात ट्रॅप कॅमेऱ्यांनी दाखवलं की शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे राहतात, आणि जवळपास तेवढीच तरसं. त्याच कॅमेऱ्यांत वाघाटी, जवादी मांजर, खोकड, रानमांजर, कोल्हा, मुंगूसही आले. हे वाट चुकून जंगलातून आलेले पाहुणे नव्हते. त्यांचं घरच तिथं होतं. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१५ मध्ये ३५ बिबटे अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेक करून ओळखले गेले. ते काम केलं निकित सुर्वे यांनी, भारतीय वन्यजीव संस्थेत एम.एस्सी. करत असताना. सेरेंगेटीत पीएच.डी.ची विद्यार्थिनी, मुंबईत एम.एस्सी.चा विद्यार्थी. तेव्हा विद्यार्थ्यांना हे काय झेपणार असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबून बोलावं.

बिबट्या घराशेजारी राहतो हे ठाऊक नसण्याची किंमत आपण मोजलेली आहे. जुन्नर भागात २००१ पासूनच्या दोन-तीन वर्षांत, माणसावर हल्ला केलेला नसतानाही, नुसते दिसले म्हणून बिबटे पिंजऱ्यात धरले गेले आणि दूरच्या जंगलात सोडले गेले. त्यानंतर माणसांवरचे हल्ले वाढले. अत्रेय यांच्याच आधीच्या, २०११ च्या अभ्यासात हा संबंध मांडला आहे. एका बिबट्याला उचललं की मोकळी झालेली जागा दुसरा घेतो, आणि उचललेला बिथरून अनोळखी मुलखात भरकटतो. तरीही आजही गावात पहिली मागणी येते ती पिंजऱ्याची. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं आहे त्यांच्याशी मला यावर वाद घालायचा नाही; त्यांच्या भीतीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. पण त्यांच्या मुलांना आपल्या शिवारात कोणती जनावरं आहेत, किती आहेत, कोणत्या वेळी कुठून जातात, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून कळावं, असं मात्र मला फार वाटतं.

आज त्यांना काय दिसतं? मोबाइलवर फिरणारा व्हिडिओ. ‘आपल्या भागात बिबट्या, सावध राहा.’ त्यातला बिबट्या कधी दुसऱ्याच राज्यातला असतो, कधी तीन वर्षांपूर्वीचा, कधी ते रानमांजर असतं, कधी सरळ साधं भटकं कुत्रं. आता तर संगणकानं बनवलेले बिबटेही फिरू लागले आहेत. एक व्हिडिओ आला की संध्याकाळी शाळा लवकर सुटते, लोक काठ्या घेऊन उसात शिरतात, आणि खरा बिबट्या तिथं असलाच तर तो त्या गर्दीत कोंडला जाऊन उलटतो. ज्या मुलीनं दोनशे फोटो पाहून त्यातले चाळीस ‘सांगता येत नाही’ या खान्यात टाकले आहेत, ती असला व्हिडिओ पुढे ढकलण्याआधी दोन प्रश्न विचारेल: हा कुठला, आणि कधीचा?

‘सांगता येत नाही’ या खान्याला मी फार महत्त्व देते. आपल्या परीक्षांत तो नसतो. उत्तर आलं नाही तर काहीतरी लिहून ये, शिक्षक अर्धा गुण देतील, असं आपण मुलांना शिकवतो. इथं उलटं आहे. अंधुक ठिपक्याला ‘बिबट्या’ म्हणणारा संशोधनाचं नुकसान करतो आणि ‘कळत नाही’ म्हणणारा त्याला वाचवतो.

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला पर्यावरण हा सक्तीचा विषय शिकवते. एका ओळखीच्या संशोधकानं माणसांचे फोटो वगळून, जागेची माहिती काढून, शिकवण्यापुरता एक संच दिला होता, तो वर्गात पडद्यावर लावला. रात्रीचा फोटो. चौकटीच्या डाव्या कडेला एक राखाडी पाठ, मान खाली, पाय गवतात. ‘कुत्रा’, ‘लांडगा’, ‘कुत्राच’ असं चाललं होतं. मागच्या बाकावरची, सहसा तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, ‘तरस आहे. पुढून उंच, मागून बसकं आहे बघा.’ पुढचा फोटो लावला. मानेवरची आयाळ आणि पायांवरचे आडवे पट्टे स्पष्ट दिसले. घरी मेंढरं आहेत तिच्या. माळावर तरस तिनं कितीदा पाहिलं होतं. मग खोकड आणि कोल्हा यांवर तासभर भांडण झालं. खोकड अंगानं बारकं, कान मोठाले, पाय काटकुळे, झुपकेदार लांब शेपटीचं टोक काळं. कोल्हा थोराड आणि शेपटीनं आखूड. त्या तासाला मी फार बोलले नाही. बोलायची गरज पडली नाही.

याच विषयाचा प्रकल्प एरवी कसा होतो ते सगळ्यांना माहीत आहे. ‘प्रदूषण: कारणे व उपाय’. झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो, वरचं पान बदलायचं, स्पायरल बाइंडिंग करायचं, सही घ्यायची. नव्या शैक्षणिक धोरणानं फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागासाठी क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, ठेवले आहेत. ते क्रेडिट कशाला द्यायचे म्हणून महाविद्यालयं विषय शोधत आहेत. त्याच वेळी कार्डांतले फोटो वाचायला माणसं नाहीत. हे दोन्ही एकमेकांशी जोडायला नवा कायदा लागत नाही.

आता अटींबद्दल. पहिली अट माणसांची, आणि ती मोडली तर बाकी सगळं रद्द करावं इतकी ती मला महत्त्वाची वाटते. ट्रॅप कॅमेऱ्यात माणसं येतात, आणि ज्यांचं पोट रानावर आहे ती जास्त येतात: सरपण आणणाऱ्या, मोहफुलं वेचणाऱ्या, गुरं राखणाऱ्या. उत्तराखंडात कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरात २०१७ मध्ये रानात शौचाला बसलेल्या एका बाईचा कॅमेऱ्यात आलेला फोटो गावच्या व्हॉट्सॲप आणि फेसबुक गटांत फिरवला गेला. फिरवणारे तात्पुरत्या कामावर घेतलेले तरुणच होते. चिडलेल्या गावानं सापडतील ते कॅमेरे फोडले. केंब्रिज विद्यापीठातले संशोधक त्रिशांत सिमलाई यांनी तिथल्या लोकांशी दीर्घकाळ बोलून केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसतं की कॅमेऱ्यांच्या भीतीनं बायांचं रानातलं वागणंच बदललं. वाघानं दूर राहावं म्हणून त्या मोठ्यानं गाणी म्हणत जात. आपल्याला कोणी पाहतंय-ऐकतंय या जाणिवेनं आवाज खाली आले. कॅमेरे टाळायला त्या आडवाटेनं, अनोळखी भागात जाऊ लागल्या. वाघाला वाचवायला लावलेल्या यंत्रानं बाईला वाघाच्या वाटेत ढकललं.

वीस वर्षांच्या मुलांच्या हाती हजारो फोटो द्यायचे म्हणताना हा प्रसंग नजरेसमोर हवाच. तेव्हा मुलांपर्यंत पोचण्याआधी प्रत्येक फोटो माणूस ओळखणाऱ्या प्रणालीतून गेला पाहिजे. अशा प्रणाली आज फुकट मिळतात. त्यांना अतिसावध ठेवावं. माणसाचा नुसता संशय आला तरी फोटो बाजूला जावा, त्यात शंभर चितळं वाया गेली तरी चालतील. बाजूला गेलेले फोटो एकाच जबाबदार व्यक्तीनं पाहावेत, शक्यतो स्त्री अधिकाऱ्यानं, आणि कामाचे नसतील ते पुसून टाकावेत. कॅमेरे कुठं लावले आहेत आणि कधीपर्यंत आहेत, हे गावातल्या बायांना आधी सांगावं. पाणवठ्याच्या, शौचाच्या, सरपणाच्या वाटांवर ते लावू नयेत, मग तिथून कितीही चांगला बिबट्या जात असो. एवढं करायची तयारी नसेल तर मुलांना फोटो देऊ नयेत. मग कॅमेरेही लावू नयेत असंच मी म्हणेन.

जागेची माहिती लपवण्याबद्दल फार वाद नाही. खवल्या मांजर कोणत्या ओढ्यात आहे हे शिकाऱ्याला कळू नये. मुलांना फोटो द्यावा, अक्षांश-रेखांश देऊ नयेत. तालुक्याचं नाव पुरेसं आहे. अभयारण्याच्या आतल्या कामाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी लागतेच, आणि मुलांनी परस्पर आत शिरून कॅमेरे बांधायचं खूळ कोणी डोक्यात घेऊ नये.

फुकटच्या मजुरीचा आक्षेप मला जास्त पटतो. आपल्याकडे ‘स्वयंसेवक’ हा शब्द ऐकला की मुलांना सतरंज्या उचलायला लावतात आणि शेवटी ई-प्रमाणपत्र हातावर ठेवतात. पाचशे फोटो ओळखले, त्याचं पुढं काय झालं ते कधीच कळलं नाही, असं झालं तर ते शिक्षण नव्हे, ती वेठबिगारी. यातून सुटायचा मार्ग पैशाचाही आहे आणि पैशापलीकडचाही. ज्या वरच्या वर्गातल्या मुलांकडे इतरांची उत्तरं तपासायचं काम जाईल, त्यांना त्याचा मोबदला मिळावा. तो संशोधनाच्या अंदाजपत्रकात आधीच लिहिलेला असावा, उरलेल्या पैशांतून दिलेला नसावा. सगळ्यांना क्रेडिट मिळावेत, ते ओळखलेल्या फोटोंच्या संख्येवर नव्हे. संख्येवर दिले तर मुलं डोळे मिटून बटणं दाबतील आणि त्यांचा दोष नसेल. निष्कर्ष छापून आले की महाविद्यालयाचं आणि गटाचं नाव त्यात असावं. आणि हे सगळं मराठीत व्हावं. अशी संकेतस्थळं आज बहुतेक इंग्रजीत चालतात. तरस पाठीच्या उतारावरून ओळखणारी मुलगी इंग्रजी यादीपुढे गप्प बसते, आणि संशोधनाचा सगळ्यात चांगला डोळा वाया जातो.

सर्वांत महत्त्वाचं, उत्तर परत गेलं पाहिजे. कुठं? त्यासाठी जागा आधीच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सांगितली आहे. गावानं आपल्या भोवतीच्या झाडा-प्राण्यांची नोंद स्वतः करावी, ही परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी अनेक वर्षं लावून धरलेली कल्पना. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी या वह्या मुदतीच्या धाकानं घाईघाईत भरल्या गेल्या. शेजारच्या गावची यादी उतरवून घेतली की झालं. मुलांनी ओळखलेले आणि जाणकारांनी तपासलेले फोटो त्या वहीत गेले तर वहीला पुरावा मिळेल. आपल्या शिवारात चौसिंगा आहे हे उद्या खाणीच्या किंवा रस्त्याच्या सुनावणीत सांगायची वेळ आली, तर ग्रामपंचायतीकडे तारीख-वेळेसह फोटो असेल. सुनावणीत ‘इथं वन्यजीव नाहीत’ असं कागदावर लिहून आणणाऱ्यांना तो दाखवता येईल.

सुरुवातीला सगळं राज्य घेऊ नये. जुन्नर, अकोले, संगमनेर अशा बिबट्यांच्या पट्ट्यातला एखादा तालुका आणि पुणे-सोलापूरकडच्या माळरानांतला एखादा, जिथं लांडगा, तरस, खोकड आहेत. प्रत्येक तालुक्यात दोन महाविद्यालयं आणि चार-पाच माध्यमिक शाळा. वनविभागानं किंवा संशोधन संस्थेनं डिसेंबर ते मे या काळात लावलेल्या कॅमेऱ्यांतले, माणसं वगळलेले फोटो जूनमध्ये त्यांच्याकडे यावेत. जुलैअखेर ओळख आणि तपासणी पूर्ण व्हावी. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत गावाची यादी मुलांनीच वाचून दाखवावी: कोणते प्राणी आले, कोणत्या वेळी आले, कशाबद्दल खात्री नाही. गुरं कुठं गेली, कोणत्या वाटेवर संध्याकाळी मुलांना एकटं सोडू नये, हे त्यावेळी लोक विचारतीलच. त्या प्रश्नांवरून पुढच्या डिसेंबरात कॅमेरे कुठं लावायचे हे ठरवावं, आणि ठरवणाऱ्यांत गावातल्या बाया असाव्यात.